पोटगीची वही

२०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मुलाची दुसरीची पुस्तकं घेतली, तेव्हा त्याच दुकानातून स्वतःसाठी एक दोनशे पानी लांब वही घेतली. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे मुलासाठीचे पहिले पंधरा हजार रुपये त्याच महिन्यात खात्यावर आले होते. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते, जमा-खर्च लिहिणं हातातच बसलेलं आहे. पण ही वही सवयीने घेतली नव्हती. रात्री बँकेचा मेसेज आला तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की चला, या महिन्याचा फ्रीजचा हप्ता सुटला. आणि लगेच लाज वाटली. पैसे माझ्या खात्यावर होते, पण माझे नव्हते.

मूल ज्याच्याकडे राहतं त्या पालकाने पोटगीचा हिशेब ठेवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो हिशेब दर महिन्याला मागण्याचा हक्क दुसऱ्या पालकाला मिळता कामा नये, हेही तितकंच ठाम मत आहे. ही दोन मतं एका दमात सांगितली की दोन्ही बाजूंची माणसं नाराज होतात. बायका म्हणतात, आधीच कोर्टाच्या तारखा, त्यात तू आणखी आमच्यावर पाळत बसव. पुरुष म्हणतात, पैसे आमचे आणि विचारायचंही नाही? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोंधळाचं मूळ आपल्या शब्दात आहे. 'तिला पोटगी मिळते' असं आपण म्हणतो. 'त्याच्या मुलीला पोटगी मिळते' असं म्हणताना मी फार कमी लोकांना ऐकलं आहे. कायद्यात मात्र हे वेगळं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, त्यात पत्नी, मुलं आणि आईवडील यांचा हक्क वेगवेगळा मांडलेला आहे. हिंदू विवाह कायद्यातही मुलांचा सांभाळ आणि शिक्षण यासाठी २६ वं कलम स्वतंत्र आहे. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाची सोडून देण्याचा अधिकार तिला नाही, असं न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. जे सोडण्याचा अधिकार मला नाही, ते मनाला येईल तसं खर्च करण्याचा अधिकार तरी मला कुठून आला? मी मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला वही लागते.

आता खर्च कुठला मुलाचा आणि कुठला आईचा, हा प्रश्न. बाहेरून बघणाऱ्याला मुलाचा खर्च म्हणजे फी, गणवेश, वह्या, व्हॅनवाल्या काकांचे पैसे. माझ्या वहीतला सगळ्यांत मोठा आकडा यातला नव्हताच. तो होता घरभाड्याचा. घटस्फोटानंतर मी एकटी असते तर आईकडे साताऱ्याला गेले असते, नाहीतर पुण्यातच नोकरदार महिलांच्या वसतिगृहात एक खाट घेतली असती. मुलाची शाळा सिंहगड रोडवर, म्हणून धायरीत एक बेडरूमचं घर भाड्याने घेतलं. हे घर त्याच्यासाठी होतं आणि मी त्यात राहत होते. पहिल्या वर्षी भाडं होतं अकरा हजार. मी त्यातले सहा हजार मुलाच्या नावे लिहिले, पाच माझ्या पगारातून. गॅस, वीज, किराणा असंच अंदाजाने वाटून घेतलं. हे वाटप एखाद्या ऑडिटरला पटणार नाही, पण प्रामाणिक आहे. मुलाच्या पोटगीतून भाडं भरणाऱ्या आईकडे 'स्वतःवर उडवते' म्हणून बोट दाखवणाऱ्यांनी पोराला झोपायला छप्पर लागतं की नाही, एवढंच सांगावं. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीची जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण हे सगळं धरलं आहे. शिकवण्या आणि पूरक अभ्यासक्रमांचाही विचार करावा असं म्हटलं आहे.

पण याच सवलतीत घसरण्याची जागाही आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय आपण बायका खरं बोलतोय असं होणार नाही. घरखर्चात सगळंच मिसळतं. फ्रीज मुलाचाही, टीव्ही मुलाचाही, भावाच्या लग्नातली माझी साडीसुद्धा 'मुलाबरोबर जायचं म्हणून'. असं करत गेलं की तीन वर्षांनी लक्षात येतं, मुलाच्या दातांच्या तारेला पैसे नाहीत.

मीसुद्धा एकदा हात घातला. २०१९ मध्ये आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. भावाचं काम सुटलेलं होतं, माझ्याकडे महिनाअखेर होती. मुलाच्या खात्यात मात्र शिल्लक होती. मी बावीस हजार काढले आणि वहीत लिहिलं, 'आईच्या डोळ्यासाठी उसने'. सात महिने थोडे थोडे करून परत भरले. ते बरोबर होतं की चूक, यावर मी अजून स्वतःशी वाद घालते. डोळा थांबला नसता, दुसरीकडून व्याजाने काढावे लागले असते. पण 'उसने' हा शब्द लिहिला नसता तर ते पैसे परत गेले नसते, याबद्दल मात्र मला काडीची शंका नाही. वहीचा उपयोग हा असा आहे. ती मोह थांबवत नाही, मोहाला नाव देते.

मुलगा आठवीत असताना त्याने ती वही वाचली. मी दिली नव्हती, कपाटात सापडली त्याला. मी ऑफिसातून आले तर हा जमिनीवर मांडी घालून पानं उलटत बसलेला. माझ्या पोटात गोळा आला. त्याने विचारलं, "आजीचे बावीस हजार फिटले का गं?" म्हटलं, पुढच्या पानावर बघ. त्याने सातही नोंदींवर बोट ठेवून बेरीज केली आणि वही मिटली. त्याच्या वडिलांचे पैसे कुठे जातात हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि वडील पैसे पाठवतात हेही. हे दुसरंही त्याला कळणं गरजेचं होतं. आमच्यात काहीही झालं असलं तरी पहिली पाच वर्षं त्या माणसाने महिना चुकवला नाही. मुलाला हे माझ्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं, ही माझी चूक. वहीने ती भरून काढली.

म्हणून म्हणते, हिशेबावर पहिला हक्क मुलाचा. बापाचा नाही. बापाला पावत्या दाखवण्याची सक्ती कलम १४४ मध्ये नाही आणि ती येऊही नये. दर महिन्याला पावत्या मागण्याचा हक्क मिळाला की पैशाबरोबर घरात पुन्हा हुकूम येतो. या रेनकोटला साडेसहाशे कशाला, तुळशीबागेत तीनशेला मिळतो. कराटेचा क्लास माझ्या पैशाने नको. ज्या संसारातून बाई यासाठीच बाहेर पडलेली असते, तोच संसार व्हॉट्सॲपवर सुरू राहतो. एका मैत्रिणीचा आधीचा नवरा प्रत्येक पावतीवर प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची रक्कम अडवून धरायचा. आदेशात असं काहीच नव्हतं. तिने मात्र आठ महिने उत्तरं दिली, कारण भांडण नको होतं.

बापाला शंका असेल तर त्याला न्यायालय आहे. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी-जास्त करण्यासाठी अर्ज करता येतो, दोघांनाही. तिथे दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचे असतात, ही सक्ती त्याच २०२० च्या निकालाने देशभर लागू केली. आणि नेमकं तिथे वही उपयोगी पडते. २०२१ मध्ये मी वाढीचा अर्ज केला तेव्हा माझ्याकडे सांगायला रडगाणं नव्हतं, पाच वर्षांच्या नोंदी होत्या. फी कुठून कुठे गेली, भाडं अकराचं पंधरा झालं, चष्म्याचा नंबर किती वेळा बदलला. रक्कम बावीस हजार झाली. ज्यांच्याकडे नोंदी नसतात त्यांना आकडा आठवणीतून सांगावा लागतो, आणि समोरचा वकील त्यातली एक चूक पकडून बाकीचंही खोटं ठरवतो.

जमेची बाजूही तितक्याच काटेकोरपणे लिहायला हवी. पैसे कधी आले, किती आले, कुठला महिना बुडाला. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'देईल कधीतरी' म्हणत बसलेल्या बाईचे आधीचे महिने या वाटेने हातचे जातात. एकेका थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, अशी कडक तरतूद कायद्यात आहे, पण तारखा सांगता येत नसतील तर ती कागदावरच राहते. रोख रक्कम घेऊ नये. घ्यावीच लागली तर त्याच दिवशी बँकेत भरावी आणि मेसेज करून पोच द्यावी, देणाऱ्याच्याही भल्यासाठी. आणि मुलाच्या पैशासाठी वेगळं खातं काढावं. माझ्या अनुभवात निम्मा हिशेब तिथेच होतो.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही तिच्याकडे येते. कलम १४४ खाली मुलाची पोटगी तो सज्ञान होईपर्यंत. अठरा वर्षं. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलांना अपवाद आहे. अविवाहित मुलीला स्वतःचा सांभाळ करता येत नसेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली पुढेही मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुलग्याला त्या कायद्यातही अठराचीच रेघ. माझा मुलगा बारावीनंतरच्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा होतो. बारावीचा निकाल मेच्या आसपास, सीईटी, मग प्रवेशाच्या फेऱ्या, मग पहिल्या वर्षाची फी. म्हणजे आयुष्यातला सर्वांत मोठा शिक्षणखर्च दारात उभा राहतो आणि त्याच महिन्यात पोटगी थांबते. पुण्यात इंजिनिअरिंगला येणारी बरीच पोरं बाहेरगावची, त्यांच्या आईबापांनी शेत गहाण टाकून तरी सोय केलेली असते. इथल्या एकट्या आईने ती कधी करायची?

मी पहिल्या महिन्यापासून तीन हजार बाजूला टाकत आले, पंधरामधलेही आणि बावीसमधलेही. नऊ वर्षांचे नुसते मुद्दलच तीन लाख चोवीस हजार होतात. मुलगी असती आणि दहा वर्षांच्या आत असती तर सुकन्या समृद्धी खातं काढलं असतं. वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. मुलग्यासाठी मी आवर्ती ठेव आणि पीपीएफ धरलं. मुलाच्या नावच्या ठेवीचं व्याज करासाठी त्याला सांभाळणाऱ्या पालकाच्याच उत्पन्नात मिळवलं जातं, हे अनेकींना नोटीस आल्यावर कळतं.

पण वाढीच्या अर्जाच्या वेळी वकीलसाहेबांनी मला हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, ही शिल्लक दाखवू नका. समोरचे म्हणतील, उरतायत म्हणजे जास्त मिळतायत." मी दाखवली. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं की हे कशासाठी, आणि मी म्हटलं बारावीनंतरसाठी. माझं निभावलं. सगळ्यांचं निभावेल असं नाही. आजच्या पोटाला चिमटा काढून उद्याची सोय करणाऱ्या आईला ती सोय लपवावी लागत असेल, तर जबाबदारीने वागण्याची शिक्षाच झाली. आदेशातच 'यातला अमुक भाग पुढच्या शिक्षणासाठी' असं लिहिलं गेलं तर हा पेच राहणार नाही. संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांना तर अठरानंतरच्या फीची वाटणीही अटींमध्ये लिहून घेता येते. पण तेव्हा दोघांनाही सुटायची घाई असते, मूल तीन-चार वर्षांचं असतं, आणि इंजिनिअरिंगची फी कुणाच्या डोक्यात नसते.

मासिक रकमेपेक्षाही मला एकरकमी पैशाची धास्ती जास्त वाटते. माझ्या ओळखीत एक आहे, नर्‍ह्याला राहते. मुलगी सहा वर्षांची असताना वीस लाखांत सगळं मिटलं, तिचं आणि मुलीचं मिळून. कोणाचे किती हे कुठेच लिहिलं नव्हतं. चेक वटल्याच्या पंधरवड्यात भाऊ आला. "ताई, पैसे नुसते पडून आहेत. माझा फ्लॅट अडलाय, तुला एक खोली कायमची देतो." नात्याने मागितलं, नात्याने दिलं. खरेदीखतावर तिचं नाव नाही. भाऊ वाईट नव्हता, त्याला बुडवायचंही नव्हतं. पण पुढे वहिनीला ती खोली जड झाली, आणि आज ही पुन्हा भाड्याच्या घरात आहे. मुलगी दहावीत आहे आणि तिच्या वाट्याचे पैसे एका फ्लॅटच्या भिंतीत आहेत. तिला बेजबाबदार म्हणायला माझी जीभ धजत नाही. घटस्फोटानंतर माहेरच्या आधारावर उभी असलेली बाई माहेराला नाही कशी म्हणेल? 'पैसे कोर्टाने अडकवलेत' असं सांगता आलं असतं, तर ती वाचली असती.

आणि असं अडकवणं आपल्या न्यायव्यवस्थेला अनोळखी नाही. रस्त्यावरच्या अपघातात बाप गेला आणि मुलाला भरपाई मिळाली, तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याच्या वाट्याची रक्कम बँकेत मुदत ठेवीत घालायला लावतं, तो सज्ञान होईपर्यंत. सुसम्मा थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ही तत्त्वं घालून दिली, आणि मुलाच्या गरजेसाठी पालकाला त्यातून काढण्याची मुभाही ठेवली. बाप वारला तर मुलाचे पैसे जपायचे, आणि बाप दुसऱ्या घरात राहायला गेला तर ते नात्यागोत्यात विरू द्यायचे, हा भेद मला समजत नाही. घटस्फोटाच्या एकरकमी तडजोडीत मुलाचा वाटा वेगळा लिहिलाच पाहिजे, आणि त्यातला मोठा भाग मुलाच्या नावे ठेवीत गेलाच पाहिजे, अशी रीत कौटुंबिक न्यायालयांनी पाडावी. काही न्यायाधीश असं करतातही. ते एखाद्या न्यायाधीशाच्या कनवाळूपणावर सोडू नये.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही. ठेव कोर्टाच्या हुकमात गेली की प्रत्येक फीसाठी आईने अर्धी रजा टाकून शिवाजीनगरचं कोर्ट गाठायचं, अर्ज, वकिलाची फी, पुढची तारीख. ज्या बाईला जपायचं तिलाच दमवायचं. म्हणून व्याज दर तिमाहीला आपोआप मुलाच्या खात्यात यावं, आणि शाळा-कॉलेजचं किंवा रुग्णालयाचं बिल असेल तर बँकेने थेट त्यांनाच रक्कम द्यावी, कोर्टाच्या पायरीशिवाय. उरलेल्यासाठी अर्ज करावा लागला तर चालेल. मासिक रकमेला मात्र या कशाचाही स्पर्श नको. ती रोजच्या भाकरीची आहे आणि रोजची भाकरी आईच्या विवेकावरच चालते.

आईच्या विवेकावर विश्वास ठेवायला या देशाला वेळ लागला, हेही विसरता येत नाही. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने मिळून १९८४ मध्ये आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर बापाची सही आणा असं उत्तर आलं. पालक म्हणून आईच राहील असं दोघांनी कळवलं होतं, तरी सही बापाची. पालकत्वाच्या कायद्यातल्या 'बापानंतर आई' यातल्या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही आई पालक आहे, हे ठरायला १९९९ साल उजाडलं. चौदा वर्षांहून जास्त, एका सहीसाठी. तो हक्क मिळवून देणाऱ्या बाईचं ऋण माझ्यासारख्या प्रत्येकीवर आहे, आणि मुलाच्या नावच्या खात्यावर पालक म्हणून सही करताना मला ते दर वेळी आठवतं. एकट्याने मूल वाढवणारे बापही मी पाहिले आहेत, थोडे आहेत पण आहेत. मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात उचलावा हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. तेव्हा कमावत्या आईने पाठवलेल्या पैशालाही हेच लागू.

परवा वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली. बँकेची दोन खाती, पीएफ, विमा, पीपीएफ. प्रत्येकापुढे नॉमिनी कोण ते लिहिलं. विम्यावर अजून मुलाच्या वडिलांचं नाव निघालं, लग्नाच्या वर्षी भरलेल्या फॉर्मवरचं. इतकी वर्षं दर महिन्याला हिशेब लिहिणाऱ्या माझ्याकडून हे राहिलं होतं. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो फॉर्म बदलून आले. नॉमिनी मुलगा, आणि तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम घेणारी व्यक्ती म्हणून माझी मोठी बहीण. तिला वही कुठे ठेवलेली असते तेही दाखवून ठेवलं आहे.